स्टेशनचे घड्याळ अर्धा तास पुढे

शाळांना सुट्ट्या लागल्या की आपल्याकडे परदेशातली नातवंडे येतात. पहिले चार-पाच दिवस घरात एक ठरलेला प्रकार घडतो. पहाटे तीन वाजता मुले टक्क जागी. आजी उठून दूध तापवते, आजोबा पत्त्यांचा जोड काढतात, आणि दुपारी पुरणपोळीचे ताट समोर आले की तीच मुले मान टाकून झोपतात. आई-वडील समजावतात, की त्यांची वेळ अजून तिकडचीच आहे. न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक पडतो. शरीर मात्र दिवसाला साधारण एखादा तासच सरकते, त्यामुळे आठ-दहा दिवस हा गोंधळ चालतो. शरीरातल्या या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले.

आज बोलायचे आहे ते भिंतीवरच्या घड्याळाबद्दल. गाव बदलले की वेळ बदलते, हा अनुभव विमानाने आणलेला नाही. आपल्या पणजोबांना तो गिरगावातून बोरीबंदरला जातानाही येत असे.

मुळात प्रत्येक गावाची वेळ वेगळी असणे हीच जुनी, नैसर्गिक गोष्ट. सूर्य माथ्यावर आला की त्या गावचे बारा वाजले. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई आणि नागपूर यांच्यात सव्वासहा अंशांचे अंतर आहे, म्हणजे नागपूरची दुपार मुंबईच्या पंचवीस मिनिटे आधी होते. जुन्या हिशेबात एक घटका चोवीस मिनिटांची. तेव्हा नागपूरहून मुंबईला आलेला पाहुणा जवळजवळ एक घटका मागे येतो असे म्हणायला हरकत नाही. आपल्या ज्योतिषांना हे चांगले ठाऊक होते. उज्जयिनीवरून जाणारी रेषा मध्य मानायची आणि आपले गाव तिच्या पूर्वेला की पश्चिमेला, किती अंतरावर, हे पाहून गणित दुरुस्त करायचे. त्याला देशांतर संस्कार म्हणत. पंचांगात मुंबईचा सूर्योदय छापून बाकीच्या गावांसाठी वेगळे कोष्टक देतात, तो त्याचाच आजचा वंशज.

बैलगाडीने किंवा मेण्यातून जाणाऱ्याला या फरकाचा काहीच त्रास नव्हता. मुंबईहून नागपूरला पोचायला इतके दिवस लागत, की ती पंचवीस मिनिटे वाटेत कुठे सांडली हे कोणाला कळणार? त्रास सुरू झाला तो आगगाडीने. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८७० मध्ये जबलपूरजवळ लोहमार्ग जोडले जाऊन मुंबई-कोलकाता सलग प्रवास शक्य झाला. या दोन शहरांच्या स्थानिक वेळांत एक तास दोन मिनिटांचा फरक. वेळापत्रक कोणत्या गावच्या वेळेने छापायचे? रेल्वेने मधला मार्ग काढला आणि मद्रासची वेळ धरली. मद्रास मुंबई आणि कोलकाता यांच्या साधारण मध्यावर पडते. तिथे कंपनी सरकारने १७९२ पासून वेधशाळा चालवलेली होती आणि तिथली वेळ तारायंत्राने देशभर कळवता येत होती.

मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. आता १८८० च्या सुमाराचे गिरगावातले एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. सुट्टीत नाशिकला आजोळी जायचे आहे. वेळापत्रकात गाडी पाचची. घरातल्या घड्याळात साडेचार झालेत, अजून अर्धा तास आहे म्हणून वळकट्या सावकाश बांधल्या, फिरकीचा तांब्या भरून घेतला, तर बोरीबंदरला गाडीची शिट्टी झालेली! म्हणून जाणता माणूस घड्याळ न बदलता मनातल्या मनात अर्धा तास मिळवत असे. ज्यांच्याकडे घड्याळच नव्हते त्यांची रीत अधिक भरवशाची होती. ते गाडीच्या कितीतरी आधी स्टेशनवर येऊन बसत, भाकरी सोडत आणि गाडी येईल तेव्हा चढत. आपल्या स्टेशनांवर आजही पथारी पसरून बसलेली कुटुंबे दिसतात. त्यांना अडाणी समजणाऱ्यांनी ही अर्ध्या तासाची गोष्ट ध्यानात घ्यावी.

वेळापत्रकाने साहेबांनाही सोडले नाही. सँडफर्ड फ्लेमिंग हे कॅनडाचे नामांकित रेल्वे इंजिनिअर. १८७६ मध्ये आयर्लंडमध्ये प्रवास करताना बंडोरन नावाच्या छोट्या स्टेशनवर त्यांची गाडी चुकली. छापील वेळापत्रकात सकाळच्या जागी संध्याकाळ पडली होती. रात्र स्टेशनवर काढावी लागली. पुढे साऱ्या जगाची वेळ एका सूत्रात बांधावी यासाठी त्यांनी जन्मभर खटपट केली. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली आणि ग्रिनिचची रेषा शून्य मानायचे ठरले, त्यात त्यांचा वाटा मोठा.

त्याच्या आदल्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. ७ एप्रिल १८८३ ला कोलकात्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. या दोन शहरांच्या तेव्हाच्या स्थानिक वेळांत पावणेअकरा तासांहून थोडा अधिक फरक होता. आज तेवढ्या फरकाने मोठी माणसेही आठवडाभर झिंगलेली असतात. पण आनंदीबाईंना तो फरक दोन महिन्यांत वाटून मिळाला. बोट पश्चिमेकडे जाते तसा तिच्यावरचा प्रत्येक दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा होत जातो आणि बोटीवरचे घड्याळ थोडे थोडे मागे घेतात. अठरा वर्षांच्या त्या मुलीला परक्या देशातली थंडी, अन्न, पोशाख, एकटेपण हे सगळे सोसावे लागले. हा एक त्रास मात्र तिच्या वाट्याला आला नाही.

ती फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होती, त्याच शरद ऋतूत, १८ नोव्हेंबर १८८३ रोजी, अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी देशाचे वेळेचे पट्टे पाडले. त्या दिवशी कित्येक गावांत घड्याळे मागे घेतली गेली आणि दुपारचे बारा दोनदा वाजले. न्यूयॉर्कला चार मिनिटांचा फरक पडला. फिलाडेल्फिया मात्र नव्या रेषेच्या इतके जवळ, की तिथला फरक एका मिनिटाच्याही आत होता.

आता मुंबईकडे परत येऊ, कारण इथे गोष्ट मिनिटांवर थांबली नाही. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी ठरवले, की रेल्वे मद्रासच्या वेळेने चालते तर मुंबईतली सरकारी कचेरीही त्याच वेळेने चालावी. शहर खवळले. जेवणे, पूजा-प्रार्थना, बाजार सारे सूर्यावर चाललेले असताना दूरच्या शहराची दुपार आपल्यावर का लादायची, असा सवाल होता. दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला.

या वादात राजाबाई टॉवरलाही ओढले गेले. १८७८ मध्ये पूर्ण झालेला हा मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. त्या माउलीला दिसत नव्हते आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे, म्हणून घंटेचे ठोके तिच्या उपयोगी पडत, अशी आख्यायिका सांगतात. खरीखोटी कशीही असो, ती नेमकी आहे. ठोका सूर्याशी जुळत नसेल तर तो त्या बाईच्या काय कामाचा? मनोऱ्यावर कोणती वेळ दाखवावी याबद्दल लोकांचा कौल घेतला गेला, तो मुंबईच्या वेळेच्या बाजूने पडला. तेव्हा सरकारी वेळ न दाखवणाऱ्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च द्यायला सरकारने नकार दिला. सत्ताधाऱ्यांचा रुसवा कधी कधी किती किरकोळ असतो!

खरी लढाई पुढे झाली. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची एकच वेळ देशभर लावायचे ठरले. रेल्वे आणि तारखात्याने ती १ जुलै १९०५ पासून घेतली, बाकी सरकारी कारभाराने १ जानेवारी १९०६ पासून. मुंबईकरांना घड्याळे एकोणचाळीस मिनिटे पुढे करायची होती. अडचणीचा क्षण म्हणजे नेमका हाच. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, स्वदेशीची चळवळ तापलेली. कोणालाही न विचारता वेळ बदलणे हा त्याच दांडगाईचा आणखी एक नमुना वाटला तर नवल नाही.

पण जानेवारी १९०६ मध्ये सर्वांत आधी हात उगारला तो वकिलांनी किंवा संपादकांनी नव्हे, तर गिरणी कामगारांनी. काही हजार कामगारांनी काम नाकारले, गिरण्यांवर दगडफेक झाली. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग क्वचितच सापडतो. सापडला तरी अडाणी मजुरांना नवी वेळ समजली नाही, असा सूर असतो. मला तो पटत नाही. त्या काळात गिरण्यांत विजेचे दिवे नुकतेच येऊ लागले होते. तोवर उजाडले की काम सुरू आणि मावळले की बंद, ही एक नैसर्गिक मर्यादा होती. दिवे आले आणि मालकांनी कामाचे तास ताणले; चौदा-पंधरा तासांपर्यंत पाळी जाऊ लागली. पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा कायद्याने आली ती १९११ मध्ये. अशा वेळी कोणी सांगितले, की उद्यापासून भोंगा एकोणचाळीस मिनिटे आधी वाजेल, तर ऐन थंडीत अंधारात चाळीतून कोणाला निघायचे होते? कोकणातून आलेल्या त्या माणसाकडे घड्याळ नव्हते. वेळ मोजणारे यंत्र मालकाच्या ताब्यात होते आणि काटा सरकला तर तो कोणाच्या बाजूने सरकतो, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

महापालिकेत फिरोजशहा मेहता यांच्यासारखे धुरंधर होते. लोकांना विश्वासात न घेता सरकारने हे केले, हा त्यांचा मुद्दा. १९०६ मध्येच महापालिकेने आपली घड्याळे मुंबईच्या वेळेनेच चालवायचे ठरवले, आणि ती वेळ थेट स्वातंत्र्यानंतर काही वर्षांपर्यंत टिकली. बोरीबंदरला रस्त्याच्या एका बाजूला रेल्वेचे मुख्यालय, दुसऱ्या बाजूला महापालिका. मध्ये एक रस्ता आणि एकोणचाळीस मिनिटे!

लोक यातूनही वाट काढत. सभेच्या जाहिरातीत, निमंत्रणपत्रिकेत वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ अशी अक्षरे छापत, म्हणजे स्टँडर्ड टाइम. ती नसतील तर विचारून घ्यायचे. पुण्याहून मुंबईला लग्नाला येणाऱ्या वऱ्हाडाने घड्याळ स्टेशनवर लावले असेल आणि यजमानाचे घड्याळ मुंबईचे असेल, तर मुहूर्ताची घटका कोणाची धरायची? भटजीबुवांचे काम सोपे होते, कारण त्यांचा हिशेब सूर्योदयापासून चाले. पंचाईत व्हायची ती बँडवाल्यांची आणि आचाऱ्यांची.

त्यात दुसरे महायुद्ध आले. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाचे घड्याळ आणखी एक तास पुढे केले होते. म्हणजे मुंबईच्या उन्हाचे बारा वाजत तेव्हा सरकारी घड्याळात दुपारचे एक वाजून एकोणचाळीस मिनिटे झालेली असत. ऐंशी-नव्वदीच्या घरातल्या माणसांकडून ‘जुना टाइम’, ‘नवा टाइम’ हे शब्द ऐकले असतील, तर त्यामागे हा गुंता आहे.

विमानाने हा हिशेब तासांवर नेला. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९६० मध्ये जेट विमाने आली. बोटीने जे दोन-तीन आठवड्यांत वाटून मिळत होते, ते एका रात्रीत अंगावर आले.

आता कुटुंबासह सहलीला निघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. नेपाळला गेलात तर घड्याळ पाव तास पुढे करा. १९८६ पासून नेपाळने आपली वेळ भारताहून पंधरा मिनिटे वेगळी ठेवली आहे. आसामला गेलात तर घड्याळाला हात लावायचा नाही, पण शरीराला लावावा लागेल. दिब्रुगड आणि मुंबई यांच्यात बावीस अंशांचे अंतर आहे. घड्याळ तेच राहते आणि सूर्य जवळजवळ दीड तास आधी उगवतो. मे महिन्यात तिथे साडेचारला खोलीत लख्ख उजेड येतो, मुले पडदे ओढून घेतात आणि संध्याकाळी फिरायला निघावे तर अंधार. ईशान्येला वेगळी वेळ द्यावी ही मागणी जुनी आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीही देशाचे दोन पट्टे करता येतील असे सुचवले होते. सरकारने ती मान्य केलेली नाही. चहाच्या मळेवाल्यांनी मात्र इंग्रजी अमदानीपासून आपली सोय स्वतःच पाहिली. मळ्यांत ‘बागान टाइम’ चालतो. तिथले घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते, आणि पाने खुडणाऱ्या बाया त्याच वेळेने टोपल्या पाठीला लावून निघतात.