लॅपटॉपला मॉनिटर किंवा टीव्ही जोडताना : आधी खाच बघा, मग केबल घ्या

आपल्याकडे घरातला पहिला लॅपटॉप बहुतेक वेळा सेकंडहँड असतो. मामूंनी वापरलेला, नाहीतर ओळखीच्या दुकानातून घेतलेला. स्क्रीन चौदा किंवा साडेपंधरा इंची. त्या एवढ्याशा जागेत एका बाजूला ऑनलाइन लेक्चर चालू, दुसऱ्या बाजूला पुस्तकाची पीडीएफ आणि खाली टायपिंग. बालभारतीची उर्दू माध्यमाची पुस्तकंही आता पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, पण नस्तालीक लिपीत अक्षरं एकावर एक तिरकी चढत जातात. पान लहान केलं की नुक्ते दिसत नाहीत, मोठं केलं की अर्धी ओळ बाहेर जाते. तासाभरात मुलगा किंवा मुलगी मान खाली घालून, नाक स्क्रीनला लावून बसलेली दिसते.

यावरचा उपाय बऱ्याच घरांत आधीपासून आहे. हॉलमधला टीव्ही किंवा कपाटावर धूळ खात पडलेला जुना मॉनिटर लॅपटॉपला जोडता येतो. त्यासाठी नवीन लॅपटॉप लागत नाही. पैसे वाया जातात ते चुकीची केबल घेतल्यामुळे. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या अब्बूंनी टीव्हीला जोडायला यूएसबी-सी ते एचडीएमआय असा अडॅप्टर आणला. लॅपटॉपची ती खाच फक्त चार्जिंग आणि डेटासाठी होती, चित्र आलंच नाही. दुकानदार म्हणाला, उघडलेला माल परत घेत नाही. लॅपटॉप माझ्यासमोर आला तेव्हा बघितलं तर डाव्या बाजूला एचडीएमआयची खाच होतीच. साधी केबल पुरली असती. म्हणून बाजारात जाण्याआधी पाच मिनिटं घरी द्या.

खाचा ओळखा

लॅपटॉपच्या दोन्ही बाजू आणि मागची कड, तसंच मॉनिटरची किंवा टीव्हीची मागची बाजू नीट बघा. मोबाइलने फोटो काढा आणि तोच दुकानात दाखवा. साधारणपणे या पाच खाचा सापडतात.

एचडीएमआय : चपटी, खालचे दोन्ही कोपरे आत वळलेले. आत १९ पिना. चित्र आणि आवाज एकाच केबलने जातो. २००२ साली हे मानक आलं आणि आज जवळजवळ प्रत्येक टीव्हीला ही खाच असते. काही छोट्या लॅपटॉपना याचंच लहान रूप, मिनी किंवा मायक्रो एचडीएमआय असतं. त्याची केबल वेगळी मिळते.

व्हीजीए : बहुतेक निळ्या रंगाची, तीन ओळींत १५ छिद्रं आणि दोन्ही बाजूंना स्क्रू. १९८७ पासूनची पद्धत. जुने मॉनिटर आणि शाळांतले प्रोजेक्टर अजूनही यावरच चालतात. यातून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही.

डीव्हीआय : बहुतेक पांढरी, रुंद, हिलाही स्क्रू. मधल्या काळातल्या मॉनिटरवर दिसते. लॅपटॉपवर सहसा नसते.

डिस्प्लेपोर्ट : एचडीएमआयसारखी दिसते, पण एकच कोपरा कापलेला असतो. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड मॉनिटरवर हमखास सापडते.

यूएसबी-सी : लहान, लांबट-गोल, केबल कशीही उलटसुलट बसते. फसगत सगळ्यात जास्त इथेच होते, कारण आकार एक असला तरी कामं वेगवेगळी असतात. काही यूएसबी-सी खाचा चित्र पाठवतात, काही पाठवतच नाहीत. खाचेशेजारी विजेच्या बाणाची थंडरबोल्टची खूण किंवा ‘डी’ आणि ‘पी’ ही अक्षरं एकत्र असलेली डिस्प्लेपोर्टची खूण असेल तर चित्र जाईल. खूण नसली म्हणजे जाणारच नाही असं नाही, पण लॅपटॉपचा मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून खात्री केल्याशिवाय अडॅप्टर घेऊ नका. मोबाइलचंही तसंच. स्वस्त फोनच्या यूएसबी-सी खाचेतून बहुतेक वेळा चित्र बाहेर येत नाही.

केबलला दिशा असते

दोन्हीकडे एकच खाच असेल तर काम सोपं आहे. तीच केबल घ्या, काही शे रुपयांत मिळते. टेबलावरच्या कामाला दीड मीटर पुरते.

खाचा वेगळ्या असतील तर कन्व्हर्टर लागतो आणि तो एकाच दिशेने चालतो. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला व्हीजीए असेल तर ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ मागा. लॅपटॉप जुना, फक्त व्हीजीएचा, आणि टीव्ही एचडीएमआयचा असेल तर ‘व्हीजीए टू एचडीएमआय’. ही दोन वेगळी यंत्रं आहेत, एक उलटं लावून दुसऱ्याचं काम होत नाही. दुसऱ्या प्रकाराला वीज घ्यायला यूएसबीची शेपटी आणि आवाजासाठी वेगळी वायर असते. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबलसुद्धा डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडेच चित्र नेते. दुकानात वाक्य असं बोला : “लॅपटॉपमध्ये हे आहे, मॉनिटरमध्ये ते आहे, लॅपटॉपमधून मॉनिटरकडे न्यायचंय.” मग चूक होत नाही.

साध्या चौकोनी यूएसबीतून चित्र काढणारे अडॅप्टरही मिळतात. त्यांना सोबतचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. दुसरी कुठलीच वाट नसेल तरच तिकडे वळा.

जोडायचं कसं

१. मॉनिटर किंवा टीव्ही चालू करा. केबल दोन्ही टोकांना नीट बसवा. व्हीजीएच्या पिना वाकतात, तेव्हा जोर लावू नका, आणि स्क्रू हातानेच आवळा.

२. टीव्हीच्या रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबा. केबल ज्या खाचेत लावली तोच नंबर निवडा. मागे ‘एचडीएमआय २’ लिहिलंय आणि रिमोटवर ‘एचडीएमआय १’ निवडलंय, एवढ्यासाठी लोकांनी मेकॅनिक बोलावल्याचं मी बघितलंय. मॉनिटरवर हेच बटण कडेला किंवा खाली असतं.

३. लॅपटॉपवर विंडोज की धरून ‘पी’ दाबा. चार पर्याय येतात.

‘पीसी स्क्रीन ओन्ली’ : फक्त लॅपटॉपवर चित्र.
‘डुप्लिकेट’ : दोन्हीकडे तेच चित्र. शिकवताना, सगळ्यांना काही दाखवताना हे घ्या.
‘एक्स्टेंड’ : दोन स्क्रीन मिळून एक मोठं टेबल. अभ्यासाला आणि कामाला हेच उपयोगी. मोठ्या स्क्रीनवर पुस्तक, लॅपटॉपवर वही. माउस कडेपर्यंत नेला की पलीकडच्या स्क्रीनवर जातो.
‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ : लॅपटॉपचा स्क्रीन बंद, सगळं मॉनिटरवर.

‘एक्स्टेंड’ केल्यावर माउस उलट्या बाजूने जात असेल तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. तिथे १ आणि २ असे चौकोन दिसतात. टेबलावर मॉनिटर ज्या बाजूला आहे त्या बाजूला त्याचा चौकोन ओढा आणि ‘अप्लाय’ करा. एखादी खिडकी पलीकडे हरवली तर विंडोज आणि शिफ्ट की धरून डावा किंवा उजवा बाण दाबा, ती या स्क्रीनवर येते.

मॅकबुकमध्ये हे सगळं ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या ‘डिस्प्लेज’मध्ये मिळतं, उबुंटूत ‘सेटिंग्ज’मधल्या ‘डिस्प्लेज’मध्ये.

अक्षरं धूसर, कडा कापलेल्या, आवाज गायब

त्याच ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये मोठ्या स्क्रीनचा चौकोन निवडून ‘रिझोल्यूशन’ बघा. ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तेच ठेवा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपचा स्क्रीन १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो आणि साधा फुल एचडी मॉनिटर १९२० गुणिले १०८० चा, म्हणजे जवळजवळ दुप्पट ठिपके. ‘डुप्लिकेट’मध्ये दोघांना एकच माप घ्यावं लागतं, म्हणून मोठा स्क्रीन धूसर दिसतो. ‘एक्स्टेंड’ केलं की साफ होतो. अक्षरं बारीक वाटली तर रिझोल्यूशनला हात न लावता ‘स्केल’ १२५ टक्के करा.

टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर दोष लॅपटॉपचा नाही. टीव्हीच्या ‘पिक्चर साइझ’मध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय शोधा. नाव कंपनीप्रमाणे बदलतं.

एचडीएमआय लावलं की आवाज बहुतेक टीव्हीकडे जातो. मॉनिटरला स्पीकर नसेल तर सगळंच गप्प होतं. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून यावा ते निवडा.

‘नो सिग्नल’ आलं तर

घाबरू नका, क्रमाने बघा. सोर्स बरोबर आहे का? केबल दोन्हीकडे पूर्ण बसलीय का? दुसऱ्या खाचेत किंवा दुसऱ्या केबलने येतं का? ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली ‘डिटेक्ट’ दाबून बघा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ एकत्र दाबलं की चित्राची यंत्रणा नव्याने सुरू होते, स्क्रीन क्षणभर काळा होऊन परत येतो. केबल लावलेली ठेवून लॅपटॉप रीस्टार्ट करा. एवढं करूनही नाही आलं तर शेजाऱ्याच्या टीव्हीला लावून बघा. तिथे आलं तर लॅपटॉप ठीक आहे, खर्च लॅपटॉपवर करू नका.

स्क्रीन फुटलेला लॅपटॉप फेकू नका

पडून स्क्रीन गेला आणि नवीन स्क्रीनचा खर्च ऐकून लॅपटॉप कपाटात गेला, असं कितीतरी घरांत झालंय. आतलं यंत्र चालत असेल तर त्याला मॉनिटर जोडा, तो घरचा कॉम्प्युटर होतो. चालू केल्यावर चित्र बहुतेक आपोआप मॉनिटरवर येतं. नाही आलं तर पासवर्ड टाकून विंडोज आणि ‘पी’ वापरा. स्क्रीन फुटलेला नसून नुसता काळा पडला असेल तर त्यावर टॉर्च तिरका मारून बघा. फिकट चित्र दिसलं तर फक्त मागचा दिवा गेलाय आणि त्या अंधुक चित्रावर पर्याय निवडता येतो. लॅपटॉप झाकून ठेवायचा असेल तर ‘कंट्रोल पॅनल’च्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये झाकण बंद केल्यावर ‘डू नथिंग’ करा, चार्जर लावून ठेवा आणि कीबोर्ड-माउस वेगळे जोडा. हवा जायला जागा सोडा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

मोहल्ल्यातल्या हॉलमध्ये, शाळेत किंवा मदरशात प्रोजेक्टर लावताना लॅपटॉपवर जे उघडं आहे ते सगळ्यांना दिसतं. व्हॉट्सअॅप वेब आधी बंद करा, नोटिफिकेशन बंद करा. घरच्यांचा एखादा खाजगी निरोप भर सभेत झळकायला एक सेकंद पुरतो. शक्यतो ‘एक्स्टेंड’ ठेवून फक्त हवी तीच खिडकी प्रोजेक्टरवर न्या.

दुसरी गोष्ट परीक्षेची. घरून दिल्या जाणाऱ्या अनेक ऑनलाइन परीक्षांत दुसरा स्क्रीन जोडलेला चालत नाही. सूचना वाचा आणि परीक्षेआधी केबल काढून ठेवा. मुलाने काही गैर केलेलं नसताना पेपर अडकायला नको.

बसण्याची जागा आणि वीज

मॉनिटर हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी. स्टँड नसेल तर मजबूत खोका ठेवा, पण त्यासाठी किताबांची थप्पी वापरू नका. खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला असू द्या. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट लांब कुठेतरी बघायचं, हा नियम मुलांना लावा. टीव्ही मोठा असल्यामुळे तो मॉनिटरपेक्षा लांबच ठेवायचा.

मॉनिटरचा प्लग तीन पिनांचा असेल तर अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा, वरची पिन काढून दोन पिनांत बसवू नका. आणि लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मॉनिटर मात्र बंद पडतो. काम सेव्ह करत राहायची सवय ठेवा.

बाजारात जाण्याआधीचा हिशेब एवढाच : लॅपटॉपची खाच, मॉनिटरची खाच, दोन्हींचे फोटो आणि चित्र कुठून कुठे न्यायचंय. एवढं हातात असलं की घरात असलेल्या वस्तूंतच मुलांच्या अभ्यासाची सोय होते, आणि वाचलेले पैसे इन्शाअल्लाह फीला उपयोगी पडतील.