कांगारू, वरोऱ्याचा कोळसा आणि माझी एक चूक

आज आधी एक दुरुस्ती.

मागे एकदा बोलता बोलता मी सांगून टाकलं होतं, की कॅप्टन कुकने ऑस्ट्रेलियात विचारलं, "हा कोणता प्राणी?" आणि तिथला माणूस म्हणाला, "कांगारू", म्हणजे "मला कळत नाही". लहानपणी ऐकलेलं, तपासलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो, आणि हा माझ्याच एपिसोडमध्ये राहिला!

खरं असं. १७७० मध्ये कुकचं एन्डेव्हर जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळलं आणि दुरुस्तीसाठी आजच्या कुकटाउनपाशी थांबलं. तिथल्या गुगू यिमिथिर लोकांकडून जोसेफ बँक्सने हा शब्द लिहून घेतला. त्यांच्या भाषेत 'गंगुरू' म्हणजे एका जातीचा मोठा कांगारू. १९७० च्या दशकात जॉन हॅविलंड या अभ्यासकाने त्यांची भाषा शिकून हे पक्कं केलं. म्हणजे त्या माणसाने बरोबर उत्तर दिलं होतं. कळलं नव्हतं ते आपल्याला.

आणि प्राणी तरी कसला! लाल कांगारूचं पिल्लू ३३ दिवसांतच जन्मतं: जेमतेम अडीच सेंटिमीटर, वजन एक ग्रॅमही नाही. आंधळं असतानाच आईच्या केसांना धरून पिशवीत चढतं आणि साधारण आठ महिने तिथेच वाढतं. मोठा नर ८५ किलोच्या आसपास जातो. उडी मारताना पायातले स्नायुबंध स्प्रिंगसारखे ताणले जातात, म्हणून वेगात पळूनही फार दमत नाही. हळू चरताना मात्र शेपटीचा पाचवा पाय करतो.

मग हा आपल्या ताडोबात का नाही?

उत्तर आपल्या पायाखाली आहे. वरोऱ्यात इंग्रज सरकारची कोळसा खाण होती, १९०६ मध्ये बंद झाली. आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे मिळतात, तसेच ऑस्ट्रेलियातही. कारण तेव्हा दोन्ही जमिनी एकच होत्या. १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूसने त्या भूखंडाला नाव दिलं गोंडवानालँड. गोंडांच्या मुलखावरून, म्हणजे आपल्या चांद्याकडच्या पट्ट्यावरून!

पण भारत साधारण १३ कोटी वर्षांपूर्वी तिकडून सुटला. पिशवीवाल्या प्राण्यांचे पूर्वज नंतर, दक्षिण अमेरिकेतून तेव्हा बर्फ नसलेल्या अंटार्क्टिकावरून ऑस्ट्रेलियात पोचले. त्यांचे तिथले सर्वांत जुने जीवाश्म सुमारे साडेपाच कोटी वर्षांचे आहेत. आपली गाडी आधीच निघून गेली होती.

ही चूक मी एका मित्राला सांगितली. त्याच्या घरी गोंडी बोलतात. तो हसला नाही. म्हणाला, "अबे, शाळेत मी घरचा शब्द बोललो की सगळे हसत. अर्थ कोणी विचारलाच नाही."

अख्ख्या भूखंडाला ज्यांचं नाव, त्यांच्या पोराची ही गोष्ट. म्हणून तो जुना भाग मी काढून टाकलाय. तुमच्या घरी एखाद्या प्राण्याचं वेगळं नाव असेल, तर आजीला विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. या वेळी अर्थही विचारून घेऊ.

भेटू पुढच्या भागात!