एक साउंड कार्ड, दहा दावेदार

लिनक्सवर गाणं वाजवणं हा एकेकाळी पराक्रम होता, हे आज सांगून पटत नाही. साउंड ड्रायव्हर नव्हते अशातला भाग नाही. प्रश्न साधाच होता: कार्ड एक, वाजवणारे अनेक. पहिला नंबर कुणाचा?

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेनने साउंड ब्लास्टरचा ड्रायव्हर लिहिला. त्यातूनच पुढे ओएसएस आलं. युनिक्सच्या रीतीप्रमाणे साउंड कार्ड म्हणजे चक्क एक फाइल, /डेव्ह/डीएसपी. तिच्यात आकडे ओता, आवाज ऐका. पण बहुतेक कार्डांवर ती एका वेळी एकाच प्रोग्रॅमला उघडता यायची. गाणं चालू असलं की चॅटची टिंगटिंग गप्प!

मग केडीईने आर्ट्स आणला, ग्नोमने ईएसडी. दोघांचं काम एकच, सगळे आवाज एकत्र करून कार्डाला देणं. म्हणजे भांडण मिटवायला दोन पंच आले आणि तेच कार्डासाठी भांडू लागले.

दरम्यान १९९८ मध्ये चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव किसेलाने अल्सा सुरू केलं. डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलपासून ते ओएसएसच्या जागी आलं. गंमत म्हणजे ड्रायव्हर नीट बसला तरी आवाज यायचा नाही, कारण सुरुवातीला सगळे चॅनल म्यूट असायचे! अल्सामिक्सर उघडायचं, 'एमएम' दिसलं की एम दाबायचा. अर्धं ट्रबलशूटिंग तिथेच संपायचं.

मग आलं लेनार्ट पोटरिंगचं पल्सऑडिओ. ते २००७ मध्ये फेडोरा ८ मध्ये आणि २००८ मध्ये उबुंटू ८.०४ मध्ये डिफॉल्ट झालं. ड्रायव्हरकडून त्याला वेळेचा जितका अचूक हिशोब लागायचा, तितका आधी फारसं कुणी मागत नव्हतं. त्यामुळे ड्रायव्हरमधले जुने बग उघडे पडले. शिव्या मात्र खाल्ल्या पल्सऑडिओने!

२०२१ मध्ये फेडोरा ३४ ने विम टेमन्सचं पाइपवायर घेतलं आणि बहुतेकांना बदल कळलाही नाही. कारण पाइपवायर पल्सऑडिओची भाषा बोलतं, स्टुडिओवाल्यांच्या जॅकचीही बोलतं. जुने प्रोग्रॅम आहेत तसेच चालतात. आणि तळाशी ड्रायव्हर अजूनही अल्साचेच!

ऑफिसात कुणी "हे जुनं फेकून नव्याने लिहू या" म्हणालं की मी एवढंच विचारतो: ठीक आहे, पण जुन्याची भाषा त्याला येणार का?