कुलाब्याचे आरसे, पवईच्या गच्च्या

पवईत आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळांमध्ये सूर्यप्रकाशापासून अधिकाधिक वीज कशी मिळवता येईल, यावर संशोधन सुरू आहे. तिथून हाकेच्या अंतरावर हिरानंदानी संकुलाचे उत्तुंग मनोरे उभे आहेत. एकेका मनोऱ्यात शेकडो माणसे राहतात आणि त्या सर्वांच्या डोक्यावर गच्ची असते एकच! मुंबईतील सौरऊर्जेचा प्रश्न उन्हाचा नाही, जागेचा आहे.

या शहराला सौरऊर्जेची ओळख मात्र आजची नव्हे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी विल्यम अॅडम्स हे इंग्रज गृहस्थ मुंबईत उपनिबंधक पदावर होते. मुंबई प्रांतात इंधन महाग आणि ऊन फुकट, हे पाहून त्यांनी कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात एक प्रयोग मांडला. मोठा अंतर्वक्र आरसा बनविणे खर्चाचे होते, म्हणून त्यांनी साध्या सपाट आरशांचे ७२ तुकडे अर्धवर्तुळाकार चौकटीवर बसवले. त्यांचा झोत बाष्पकावर पडे आणि दिवसभर चौकट सूर्यामागे फिरवली जाई. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालला. मध्यभागी तापविण्याचे पात्र आणि भोवती आरशांचा ताफा, हेच तत्त्व पुढे जगभरातील ‘सौर मनोरा’ पद्धतीच्या वीज केंद्रांत वापरले गेले. अॅडम्स यांनी सौर चूलही तयार केली आणि १८७८ मध्ये या प्रयोगांवर पुस्तक लिहिले. पण कोळसा मुबलक मिळू लागल्यावर आरसे कोणाला हवे होते?

उन्हापासून थेट वीज देणारा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दाखवला. त्याची कार्यक्षमता जेमतेम सहा टक्के आणि किंमत इतकी, की पहिला खराखुरा उपयोग झाला तो उपग्रहांवर. आपल्याकडे दीर्घकाळ सौरऊर्जा म्हणजे काळे डबे आणि आरशाचे झाकण असलेला सोलर कुकर, एवढीच मध्यमवर्गाची समजूत होती. अपारंपरिक ऊर्जेच्या प्रसारासाठी १९८५ मध्ये ‘महाऊर्जा’ची स्थापना झाली, पण २००० नंतरच्या दशकात उर्वरित महाराष्ट्र भारनियमनाने होरपळत असताना मुंबईला त्याची झळ फारशी लागली नाही. बटण दाबताच दिवा लागत असेल तर गच्चीकडे कोण पाहणार?

चित्र पालटले ते २०१० पासून. त्या वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले आणि पवईत आयआयटीमध्ये राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्र उभे राहिले. २०१० अखेरच्या लिलावात सौर विजेला युनिटमागे साधारण ११ ते १३ रुपये दर आला होता. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर उतरला. दरम्यान, २०१३ मध्ये धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प कार्यान्वित झाला. जानेवारी २०२५ मध्ये देशाच्या सौर क्षमतेने एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. आयआयटीच्याच ‘दहा लाख सौरदिवे’ उपक्रमात ग्रामीण विद्यार्थ्यांसाठीचे अभ्यासाचे दिवे गावातल्याच माणसांनी जोडले, विकले आणि दुरुस्तही केले. या सर्व वाटचालीत मोकळी जमीन किंवा खेड्यातले स्वतंत्र घर गृहीत होते. मुंबईकडे यांपैकी काहीच नाही.

मग या शहराच्या छपरांवर नेमके मावते तरी किती? आयआयटीतील रिदम सिंग आणि रंगन बॅनर्जी यांनी भूवापराचे नकाशे व उपग्रह छायाचित्रे यांच्या आधारे हा हिशेब मांडला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार मुंबईच्या छपरांवर सुमारे २,१९० मेगावॉट क्षमतेची पॅनेल बसू शकतात. त्यांतून शहराच्या सरासरी दैनंदिन मागणीचा १२.८ ते २० टक्के भाग भागेल. सकाळच्या चढ्या मागणीत हाच वाटा महिन्यानुसार ३१ ते ६० टक्क्यांपर्यंत जाईल.

हा शहराचा हिशेब झाला. एका सोसायटीचा वेगळा आहे. एक किलोवॉटच्या पॅनेलना साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते आणि मुंबईत त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला साडेतीन युनिट वीज मिळते. पावसाळ्यात अर्थातच कमी. समजा, वीस मजली इमारतीत ऐंशी सदनिका आहेत. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि शेजारच्या मनोऱ्याची सावली वगळून गच्चीवर दोन हजार चौरस फूट उरले, तर वीस किलोवॉट बसतील. म्हणजे दिवसाला सत्तर युनिट, घरटी एक युनिटही नाही! त्यावर वातानुकूलन यंत्र चालणार नाही. पण लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांच्या सामाईक बिलाचा भार मात्र चांगलाच हलका होईल. म्हणूनच २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली.

एक गैरसमज येथे दूर करायला हवा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई अंधारात गेली, त्यानंतर ‘आपली वीज आपल्या गच्चीवर’ हा विचार अनेकांना पटला. परंतु जाळ्याशी जोडलेली साधी सौर यंत्रणा वीज खंडित होताच स्वतःही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये, यासाठीची ही सोय आहे. बॅटरीची जोड असल्याखेरीज अशा वेळी गच्चीवरची पॅनेल उपयोगी पडत नाहीत.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. उत्पादक साधारणतः हमी देतात ती २५ वर्षांनंतरही ८० टक्के क्षमता शिल्लक राहील अशी. पवईच्या केंद्राने राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेच्या साथीने २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये देशभरातील पॅनेलची पाहणी केली, तेव्हा उष्ण हवामानात ती अधिक वेगाने झिजत असल्याचे आढळले. छपरांवरील छोट्या यंत्रणांची स्थिती जमिनीवरील मोठ्या प्रकल्पांपेक्षा वाईट होती. वाहतुकीत किंवा बसविताना पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक तड्यांनीही नुकसान होते. सर्वांत स्वस्त निविदा डोळे मिटून मंजूर करणाऱ्या सोसायट्यांनी हे निष्कर्ष जरूर वाचावेत.

गच्ची वाढवता येत नाही, तेव्हा तेवढ्याच जागेतून जास्त वीज काढणे हाच उपाय उरतो. बाजारातील सिलिकॉन पॅनेलची कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या थोडी वर आहे आणि एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा २९ टक्क्यांच्या आसपास. म्हणून सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या स्फटिकी पदार्थाचा दुसरा घट ठेवला जातो. वरचा घट दृश्य प्रकाश टिपतो आणि त्यातून पार होणारे अवरक्त किरण खालचा सिलिकॉन वापरतो. आयआयटीच्या भौतिकशास्त्र विभागातील दिनेश काब्रा यांच्या गटाने अशा जोडघटातून ३० टक्क्यांच्या जवळपास कार्यक्षमता मिळवली आहे. चीनच्या लाँगी कंपनीने २०२४ मध्ये ३४.६ टक्क्यांची नोंद केली. मात्र हे आकडे प्रयोगशाळेतील छोट्या घटांचे आहेत. पेरोव्हस्काइटला ओलावा आणि उष्णता सोसत नाही आणि मुंबईच्या गच्चीवर जून ते सप्टेंबर ओलावा, तर उरलेले बहुतांश महिने ऊन. सिलिकॉनप्रमाणे २५ वर्षांची हमी या घटांना अद्याप देता आलेली नाही.