लोखंडाचा दागिना आणि टाकलेल्या वस्तू

1980 साली ओटो क्युंझली या स्विस कलावंताने काळ्या रबराच्या नळीचे एक कडे घडविले. नळीच्या आत सोन्याची एक गोळी दडविलेली आहे. बाहेरून दिसतो तो केवळ एक उंचवटा. सोने माणसाला आंधळे करते, अशा अर्थाचे नाव त्याने त्या कड्याला दिले. पुढे 1985-86 साली त्याने लोकांनी वापरून सोडलेल्या 48 लग्नाच्या अंगठ्या एकात एक गुंफून साखळी केली. बर्नहार्ड शोबिंगर या दुसऱ्या स्विस कलावंताने तर फुटक्या बाटल्यांच्या गळ्यांचा हार केला. युरोप-अमेरिकेत गेल्या काही दशकांत ही एक स्वतंत्र कलाधाराच झाली आहे. सापडलेली, फेकलेली, मोडकी वस्तू घ्यायची आणि तिचा दागिना करायचा. दागिन्याची किंमत धातूच्या वजनात नसून विचारात असते, हा या मंडळींचा सिद्धान्त आहे.

सिद्धान्त मला मान्य आहे. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून एक प्रश्न विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. टाकलेली वस्तू अंगावर घालणे ही कोणाची निवड होती, आणि कोणावरची सक्ती?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांच्यासाठी नियम आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे, प्रेतांवरची वस्त्रे नेसावी, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि दागिने घालावे ते लोखंडाचे. वस्त्र, भांडे, दागिना या तीनही बाबतींत शास्त्रकाराने हिशेब चोख केला आहे. जे समाजाने टाकले, ते या माणसाचे. आणि जो हे अंगावर वागवतो, तोही टाकलेलाच. जगात टाकाऊ वस्तूंच्या अलंकाराचा कायदा करणारा पहिला माणूस कलावंत नव्हता, धर्मशास्त्रकार होता.

आता गावोगावच्या प्रत्येक लोखंडी कड्यामागे मनूचा श्लोक शोधणे भाबडेपणाचे ठरेल. गावकुसाबाहेरच्या बाईच्या हातात कथील, पितळ, जस्त आले ते दारिद्र्यामुळेही आले. बलुत्याच्या पेंढीवर जगणाऱ्या घरात सोने येणार कोठून? पण नुसते दारिद्र्य हे कारण असते, तर चार पैसे हाती येताच दागिना बदलला असता. तो बदलू दिला गेला नाही, आणि त्याचे पुरावे आहेत. इंदूर संस्थानात कानडिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना या आणि आसपासच्या गावांतील सवर्णांनी बलाई समाजाला लेखी अटी घातल्या. जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. न ऐकणाऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, गुरे चारण्याच्या वाटा बंद झाल्या. 4 जानेवारी 1928 च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त ही हकीकत आली आणि बाबासाहेबांनी ती 1936 च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' या निबंधात नोंदविली. रामनाड जिल्ह्यात डिसेंबर 1930 मध्ये कल्लर लोकांनी आदिद्रविडांवर आठ बंधने घातली. त्यांतले पहिलेच सोन्याचांदीच्या दागिन्यांबद्दलचे होते. आमच्या आयाबायांच्या नशिबीही हेच होते. लुगड्याचा काठ लोकांना दिसू नये म्हणून तो निऱ्यांत दडवावा लागे, हे बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये लिहून ठेवले आहे.

बलाईंची बातमी छापून येण्याच्या दहा दिवस आधी काय घडले होते, ते आठवावे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी अस्पृश्य स्त्रियांची वेगळी सभा घेतली. लुगडे कसे नेसावे हे तर त्यांनी सांगितलेच, पण गळ्यातल्या त्या ढीगभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या-चांदीच्या गोठपाटल्या यांबद्दलही ते बोलले. ही तुम्हाला ओळखण्याची खूण आहे, ती टाका. घालायचेच तर सोने घाला, नाहीतर काही घालू नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी बायका लुगड्याची नेसण बदलून आल्या.

हे भाषण माझ्या वर्गात शिकवताना मुली हमखास अडखळतात. सोने घाला? बाबासाहेब सोन्याचा मोह कसा सांगतील? त्यांचा प्रश्न रास्त आहे, पण भाषणाच्या शेजारी मनूचा नियम ठेवला की उत्तर आपोआप मिळते. शास्त्राने लोखंड नेमून दिले होते आणि रूढीने सोने नाकारले होते. 'सोने किंवा काहीच नाही' याचा अर्थ नेमून दिलेले काहीही आम्ही घेणार नाही, एवढाच होतो. शास्त्राचे पान आणि कथलाची गोठपाटली एकाच परिषदेत टाकली गेली, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखकांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. दहनाची चर्चा पुष्कळ झाली. गोठपाटलीकडे, बायकांची बाब म्हणून, दुर्लक्ष झाले. 1989 साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' आले नसते, तर हा भाग आणखी अंधारात राहिला असता.

केरळात हे बारा वर्षे आधी घडले होते. तेथे पुलया स्त्रियांनी गळ्यात दगडी मण्यांच्या माळाच घालाव्यात अशी रूढी होती. 1915 साली अय्यनकाळींच्या हाकेवरून या माळा टाकण्याची चळवळ उभी राहिली. पेरिनाडला दंगली झाल्या, झोपड्या जाळल्या गेल्या. पुढे कोल्लमच्या सभेत स्त्रियांनी माळा तोडून त्यांचा ढीग घातला. दागिना अंगावरून उतरविण्यासाठी घरे जळाली, असा हा इतिहास आहे.

आमचा भाग निजामाच्या राज्यात. महाडचा शब्द बालाघाटाच्या डोंगरात पोचला तो जलशांतून, पाहुण्यारावळ्यांतून. मराठवाड्याच्या दलितांची मकरणपूरची परिषद 30 डिसेंबर 1938 ची. आणि 1956 नंतर देवघरातले टाक, गळ्यातल्या देवाच्या कवड्या, सारेच निघाले. त्यातले बहुतेक मोडीत गेले आणि वितळले. आमच्यासारख्या घरांत, जेथे पदवीपर्यंत पोचलेला माणूस माझ्या पिढीत पहिल्यांदाच निघाला, तेथे कागदपत्रांचा पुरावा नसतोच. वस्तू हाच आमचा दप्तरखाना, आणि तोही आपण मोडीत घातला. घातला ते बरेच केले. पण त्याची नोंद करायला हवी होती.

कारण त्या वस्तूंत सक्तीबरोबर कसबही होते, आणि ते कसब सक्तीने दिलेले नव्हते. पाटोदा तालुक्यात बंजारा तांडे आहेत. तांड्यावरच्या म्हातारीची घुगरी, टोपली, हाडाच्या आणि पुढे प्लॅस्टिकच्या बलिया, कवड्या, आरशाचे तुकडे आणि नाण्यांच्या माळा पाहाव्यात. हैदराबाद संस्थानचा हाली शिक्का 1959 साली चलनातून बाद झाला. सरकारच्या लेखी ज्या पैशाची किंमत संपली, तो भोक पाडून गळ्यात आला. राज्य गेले, तरी त्याचे नाणे तांड्यावर दागिना म्हणून उरले. क्युंझलीच्या अंगठ्यांच्या साखळीइतकाच हा विचार खोल आहे. फरक इतकाच, की क्युंझलीचे नाव वस्तुसंग्रहालयाच्या पाटीवर असते आणि या बाईचे काम 'लोककला' म्हणून निनावी राहते.

आणखी एक कसब सांगतो. फुटक्या काकणांचे तुकडे मुली गोळा करीत. चिमणीच्या ज्योतीवर तुकड्याचे टोक धरायचे, काच मऊ झाली की हळूच वाकवायची, त्यात दुसरा तुकडा अडकवायचा आणि तोंड मिटवायचे. अशी हिरव्या-तांबड्या कड्यांची साखळी होई. दारावर तोरण म्हणून लागे, खेळताना गळ्यातही येई. हे त्यांना कोणी नेमून दिले नव्हते. सोनारआळीतली धूळ विकत घेऊन, ती धुऊन, पाऱ्याने सोन्याचे कण वेचणारा झारेकरीही असाच. कचऱ्यात काय आहे हे कचऱ्याजवळ राहणाऱ्यालाच कळते.

पोतराजाची गोष्ट मात्र मी या यादीत घालणार नाही. त्याच्या कमरेचा खणांचा आणि चिंध्यांचा घेर छायाचित्रकारांना फार आवडतो. पण तो घेर आणि पाठीवरचा आसूड एकाच नवसातून आलेले आहेत.

आज टाकाऊचा प्रश्न पुन्हा नव्या रूपात आला आहे. कचरावेचक बायकांत बहुसंख्य दलित आहेत. पुण्यात 1993 साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली, तेव्हा त्यांनी कचऱ्याचे सौंदर्य मागितले नाही. त्यांनी कामगार म्हणून मान्यता मागितली. दुसरीकडे, 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर चामड्याचे काम अडचणीत आले, तेव्हा सुधीर राजभर यांनी मुंबईत 'चमार स्टुडिओ' उभा केला आणि कारागिरांच्या साथीने टाकाऊ रबरापासून पिशव्या केल्या. जी जात शिवी म्हणून वापरली जाते, तिचेच नाव वस्तूवर छापले. मला यात धोकाही दिसतो. नाव विकले जाईल आणि कारागीर पुन्हा निनावी राहील, असे होऊ शकते. तरी निवड करणारा माणूस येथे जागा आहे, एवढे मान्य केले पाहिजे.

आमच्या महाविद्यालयातल्या एका मुलीने मोटारसायकलच्या तुटक्या साखळीच्या कड्यांचे कानातले केले. तिचे आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जातात. तिच्या आजीने ते पाहिले आणि म्हणाली, "लोखंड कानात घालू नगं बाई, सोन्याचं फूल घाल, बारकं का होईना." मुलीला वाटले, आजी जुन्या वळणाची आहे. मी तिला महाडच्या सभेतले भाषण वाचायला दिले. ती कानातले अजून घालते. आजीच्या पेटीत कथलाची एक गोठपाटली निघाली, तिचे तिने वजन केले, माप घेतले, चित्र काढले आणि ती कोणी, कधी, कोणाकडून घेतली हे आजीला विचारून वहीत लिहिले. असे लिहून घ्यायला आसपासच्या वाड्यांवर अजून दहा-पंधरा म्हाताऱ्या तरी आहेत.