मेलिंग लिस्ट (थंडरबर्ड)

मेलिंग लिस्ट म्हणजे ॲड्रेस बुकमधील अनेक पत्त्यांना मिळून दिलेले एक नाव. मोझिलाच्या थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. या प्रोग्रॅममध्ये लिस्टची सोय ॲड्रेस बुकमध्येच आहे. पत्र पाठवताना लिस्टच्या नावाच्या जागी तिच्यातील सर्व पत्ते आपोआप भरले जातात. लिस्टला स्वतःचा ईमेल पत्ता नसतो. मेलमनसारख्या सर्व्हरवर चालणाऱ्या यादीला तो असतो, आणि तेथे सभासद आपले नाव स्वतः नोंदवू किंवा काढू शकतात. थंडरबर्डमध्ये हे सारे काम लिस्ट ठेवणाऱ्याकडेच राहते.

ॲड्रेस बुक उघडून ‘न्यू लिस्ट’ निवडले की एक चौकट येते. लिस्ट कोणत्या ॲड्रेस बुकमध्ये ठेवायची ते तीत आधी ठरवायचे, मग नाव, टोपणनाव आणि वर्णन भरायचे. खालच्या ओळींत एकेक पत्ता येतो. नावात स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्ह किंवा कोनी कंस चालत नाहीत. टोपणनाव ऐच्छिक असले तरी जरूर द्यावे. गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीच्या लिस्टला ‘काका’ हे टोपणनाव दिले, तर तेवढी दोन अक्षरे टाइप करताच लिस्ट समोर येते. ॲड्रेस बुकमध्ये नसलेला पत्ता लिस्टमध्ये टाकल्यास त्याची स्वतंत्र नोंदही तयार होते.

लिस्ट कोणत्या रकान्यात टाकली जाते, याला फार महत्त्व आहे. ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये टाकल्यास प्रत्येकाला इतर सर्वांचे पत्ते दिसतात, आणि एखाद्याने ‘रिप्लाय ऑल’ केले की त्याचे उत्तर सगळ्यांकडे जाते. पाच-सहा जणांच्या कार्यकारिणीत हेच हवे असते. पण तीच संस्था सर्व सभासदांना सभेची सूचना धाडते तेव्हा लिस्ट ‘बीसीसी’मध्येच असली पाहिजे, कारण सभासदाने आपला पत्ता संस्थेला दिलेला असतो, शेजाऱ्यांना नव्हे. ‘टू’चा रकाना रिकामा राहिला तर थंडरबर्ड तेथे प्राप्तकर्ते गुप्त असल्याची नोंद घालतो. पुष्कळ जण तेथे स्वतःचाच पत्ता लिहितात, तेही योग्यच.

लिस्ट एक असली तरी मेलसेवा मोजते ते पत्ते. जीमेलच्या वैयक्तिक खात्यावरून एका पत्रात ५०० हून अधिक प्राप्तकर्ते घातल्यास पाठवणे काही काळ बंद पडू शकते. मोठ्या यादीसाठी म्हणूनच सर्व्हरवरची व्यवस्था बरी.

नेहमीच्या ‘पर्सनल ॲड्रेस बुक’मधील लिस्ट संगणकावरील थंडरबर्डच्या प्रोफाइलमध्ये साठवली जाते. त्याच खात्याची पत्रे फोनवर दिसली तरी ही लिस्ट तेथे दिसत नाही. संगणक बदलताना संपूर्ण प्रोफाइल उचलून नेणे सर्वांत खात्रीचे. केवळ ॲड्रेस बुक न्यायचे असेल तर ते एलडीआयएफ स्वरूपात निर्यात करावे, कारण सीएसव्ही फाइलमध्ये माणसांच्या नोंदी उतरतात, लिस्ट मात्र मागेच राहते.