रस्ता आधी की घर आधी? मुंबईच्या दोन आखण्यांची गोष्ट

१/ इमारती पडतात, नव्या उभ्या राहतात. रस्त्यांची आखणी मात्र पिढ्यानपिढ्या टिकते. दोन्ही बाजूंना घरे, दुकाने आणि मालकीहक्क उभे राहिले की ती बदलणे अतिशय महाग पडते. ही किंमत कोणी मोजली, हे मुंबईच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

२/ रस्त्यांचे जाळे किती सांधलेले आहे, हे चौकांवरून ओळखावे. चार वाटा जेथे मिळतात तेथे पुढे जाण्याचे तीन पर्याय असतात. बंद गल्लीत शिरलेल्याला आल्या वाटेनेच परतावे लागते.

३/ सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले. उंदरांवरील पिसवांची भूमिका तेव्हा सर्वमान्य झाली नव्हती. दाट वस्ती, घाण आणि कोंदट हवा यांवरच अनेक अधिकाऱ्यांचा रोख होता.

४/ त्यातून १८९८ मध्ये कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. दाट वस्त्या चिरून प्रिन्सेस स्ट्रीट (आजचा शामळदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड काढण्यात आले. पश्चिमेचा समुद्रवारा शहरात खेळावा, हाही त्यामागील एक हेतू होता.

५/ शहराला रुंद रस्ते मिळाले, परंतु त्यांच्या जागी गरीब भाडेकरूंची घरे होती. ट्रस्टने चाळी बांधल्या, तरी त्या पुरेशा नव्हत्या. कामाच्या ठिकाणापासून दूर जाणे न परवडणारे अनेक विस्थापित शेजारच्या वस्त्यांत शिरले. जी दाटी मोडायची होती, ती तेथे वाढली.

६/ याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला वेगळा क्रम लावला. तेथे बरीचशी जमीन मोकळी होती. एकमेकांना छेदणारे रस्ते आणि बागांच्या जागा आधी आखल्या गेल्या, इमारती नंतर आल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्याची उदाहरणे. जुने बंगले जाऊन इमारती उंचावल्या, तरी आखणी बव्हंशी तीच राहिली.

७/ आज शहरांच्या कडेला कुंपण आणि एकच फाटक असलेल्या अनेक वसाहती उभ्या राहत आहेत. शेजारच्या दोन वसाहतींना जोडणारी वाटही नसते. मोकळ्या जमिनीवर ती वाट नकाशावरील एका रेघेने मिळते. पुढे तीच काढायची झाल्यास घरे पाडावी लागतात, आणि प्रिन्सेस स्ट्रीटच्या वेळी ती कोणाची पडली, हे आपण पाहिले.